एकोणसाठ नंबरचा अंधार

६ फेब्रुवारी, सोमवार

अंधार! एकोणसाठ नंबरच्या खळग्यात मिट्ट अंधार. बाकी सगळी प्लेट, शहाण्णवातले पंच्याण्णव खळगे, उजळलेली आणि मध्येच एक काळा, दात पडल्यासारखा.

मशीन बिघडलं असेल म्हणून बंद करून परत चालू केलं. प्लेट उलटी तर ठेवली नाही ना, ते पाहिलं. तिसऱ्यांदा मोजलं. तोच खळगा, तोच अंधार.

आमच्या कामात अंधार म्हणजे यश. ॲलर्जी होते तेव्हा शरीरातल्या काही पेशींतून ट्रिप्टेज नावाचं एन्झाइम बाहेर पडतं. ते कात्रीसारखं असतं. समोर येईल ते कापत सुटतं, मग सूज, मग श्वासनळ्या आखडतात. प्लेटमध्ये मी त्या कात्रीला कापायला असं रसायन देते, की ते कापलं गेलं की चमकतं. आणि प्रत्येक खळग्यात एकेक नवीन पदार्थ घालते — कात्रीत अडकून बसतो का बघायला. अडकला तर कापणं बंद, चमक बंद. असा अडकणारा पदार्थ म्हणजे इनहिबिटर. त्यातल्या एखाद्याचं पुढे कधीतरी औषध होऊ शकतं. कधीतरी. शकतं.

आजोबा मागे येऊन उभे राहिले. (आजोबा म्हणजे आमच्या लॅबमधले सीनियर, वय चौतीस. नऊ वर्षं पीएच.डी. चालू आहे आणि बारा महिने स्वेटर, म्हणून.) त्यांनी डोळे बारीक करून आकडे पाहिले. म्हणाले, "चिमटाबाई, आज हसलात तर चालेल. मी कुणाला सांगणार नाही."

(चिमटाबाई मी. चिमट्याशिवाय कशाला हात लावत नाही, म्हणून.) मी हसले नाही. उद्या परत करून बघायचं आहे.


७ फेब्रुवारी

परत अंधार. आता हसले.


७ फेब्रुवारी, संध्याकाळ

सांगायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं.

बाबा बेकरीतून दुपारीच येतात. मी घरी पोचले तेव्हा खुर्चीत बसून खोकत होते. नेहमीचा खोकला — आधी कोरडा, मग शिट्टी, मग गुडघ्यांवर हात टेकून थांबणं. भुवयांत पीठ. आई पाठीवर हात फिरवत होती आणि वर माझ्याशी भाजीबद्दल बोलत होती, म्हणजे मला काळजी वाटू नये. मला ते बघवेना. म्हणून म्हटलं, "बाबा, आज एक पदार्थ सापडला. त्या एन्झाइमला थांबवतो."

"म्हणजे औषध झालं?"

"नाही हो. ही पहिली पायरी. पुढे खूप आहे."

"पहिली पायरी झाली!" हे त्यांनी आईला सांगितलं. 'पुढे खूप आहे' कुणीच ऐकलं नाही.

आईने विचारलं, नाव काय त्याचं. म्हटलं, अजून नाव नाही, नंबर आहे, एकोणसाठ. "साठाला एक कमी," आई म्हणाली. "एक थेंब अजून घातला असतास तर साठ झाले असते." आणि स्वतःच हसली.

घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, सरकारी कागद — सगळं मीच वाचून दाखवते. मी वाचलं की ते या घरात खरं असतं. म्हणून मला जपून बोलायला हवं. आणि आज मी बोलून बसले.


११ फेब्रुवारी, शनिवार

बाबा पंप घरीच विसरले. तो श्वासाचा पंप द्यायला बेकरीत गेले. मागच्या दाराने.

आतलं सगळं एका रंगाचं. भिंती, पिंपं, माणसांचे हात. भट्टीजवळ ऊन उभं राहिल्यासारखं गरम. बाबा पोतं फोडून घमेल्यात पीठ ओतत होते, त्याचा ढग वर उठला आणि त्या ढगात बाबा पार दिसेनासे झाले. फक्त खोकला ऐकू येत होता.

पीठ मळायच्या यंत्रावरच्या काकांनी मला पाहिलं आणि ओरडले, "आली! औषधवाली आली!" लगेच भट्टीवरचे दोघे वळले. एकाने विचारलं, "गोळी आहे की पातळ?" दुसऱ्याने आपली पाठ दाखवली, याला काही निघेल का म्हणून. बाबा ढगातून बाहेर आले, हात झटकत, आणि असे उभे राहिले जसे काही पाव नाही तर मलाच भट्टीतून काढलंय.

"घाई करू नका," ते म्हणाले. "एकोणसाठ नंबर लागलाय. वेळ लागतो."

सगळ्यांना नंबर पाठ आहे!

मी पंप दिला आणि निघाले. मी अशी काय कोण लागून गेले?


१२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बाबा खोकले नाहीत. रविवारी नाहीच खोकत.


१५ फेब्रुवारी

छातीच्या डॉक्टरांकडे. दर सहा महिन्यांनी जातो. बाबांनी नळीत फुंकलं, आकडा मागच्या वेळेपेक्षा खाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं — ते पेन खाली ठेवतात म्हणजे बातमी वाईट.

"मी मागेही म्हणालो होतो. हा कामाचा दमा आहे. नेमकं कशाने होतो त्याची तपासणी करून घ्या, आणि ते सोडा. असंच चाललं तर नळ्या कायमच्या आखडतील. मग पंपानेही उघडणार नाहीत."

"तपासणी नको," बाबा म्हणाले. "माझी पोर औषध काढतेय. वर्ष-दोन वर्षं थांबतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहिलं.

मला माहीत आहे. प्लेटमधल्या अंधारापासून गोळीपर्यंत बारा वर्षं, पंधरा वर्षं. आधी पेशी, मग प्राणी, मग माणसं, आणि शंभरातले जवळजवळ सगळे पदार्थ वाटेतच बाद होतात. तिथे हे बोलायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

बोलले नाही.


१६ फेब्रुवारी

आज सांगेन.


१७ फेब्रुवारी

नाही सांगितलं. ते शिट्टी वाजवत दाढी करत होते.


२० फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी बोलावलं. बाई म्हणजे माझ्या गाइड. त्यांच्या खोलीत एकच खुर्ची रिकामी असते आणि तिच्यावर कायम वह्यांचा गठ्ठा, म्हणजे आलेल्याने उभं राहावं. आज त्यांनी गठ्ठा उचलला! मी बसले खरी, पण अर्ध्याच खुर्चीवर.

चौदा मार्चला बाहेरचे शास्त्रज्ञ येणार आहेत, आमचं काम पाहायला. आवडलं तर पुढचा टप्पा त्यांच्याबरोबर. "एकोणसाठ तू मांड," बाई म्हणाल्या. "तुझं काम आहे, तुझ्या तोंडून येऊ दे."

बाहेर आजोबा उभेच होते. "बसायला मिळालं?" मी मान हलवली. "नऊ वर्षांत मला दोनदा," ते म्हणाले. "त्यातलं एकदा चक्कर आली होती."


२७ फेब्रुवारी

एकोणसाठ थोडं थोडं वाढवत नेलं, किती घातल्यावर कात्री थांबते ते पाहायला. आलेख काढला. सावकाश उतरायला हवा, जिन्यासारखा. हा कड्यासारखा कोसळतो. आत्ता काहीच नाही, आणि पुढच्या थेंबाला एकदम सगळं बंद.

आजोबांना दाखवला. त्यांनी आलेखावरून बोट फिरवलं. मग, "फारच गुणी बाळ आहे. इतकं गुणी बाळ पाहिलं की मला त्याच्या आईची काळजी वाटते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्याला दुसऱ्याच्या घरी नेऊन बघ, कसं वागतं ते."


२ मार्च, गुरुवार

नेऊन बघितलं. शेजारच्या टेबलावरून दुसरंच एक एन्झाइम मागून आणलं. जठरातलं, अन्न पचवणारं. ट्रिप्टेजशी त्याचा काडीचा संबंध नाही. एकोणसाठने त्याला हात लावायलाच नको होता.

त्यालाही थांबवलं. पूर्ण.

या कुलुपाला लागणारी किल्ली जगातल्या प्रत्येक कुलुपाला लागली तर ती किल्ली नव्हे. दुसरंच काही आहे.

दुपारभर वही मागे मागे उलटत बसले. एकवीस डिसेंबरच्या पानावर, समासात, माझ्याच बारीक अक्षरात — 'फेस येतो म्हणून डिटर्जंट वगळला.'

आठवलं. या द्रावणात डिटर्जंटचा अगदी अंश घालायचा असतो. पण त्याने खळग्यांत बुडबुडे यायचे आणि बुडबुड्याने आकडा चुकतो. मी तापवलेल्या सुईने एकेक बुडबुडा फोडत बसायचे, शहाण्णव खळगे, मान मोडेपर्यंत. चूक होऊ नये म्हणून! मग एक दिवस आजोबांना विचारलं, ते म्हणाले, फेस येत असेल तर वगळ. वगळला. आकडे सुंदर यायला लागले.

उद्या थेंब घालून बघायचं.


३ मार्च

थेंब घातला. सगळे खळगे उजळले. एकोणसाठसुद्धा.

इतका सुंदर उजेड मी आजवर पाहिला नव्हता. बघवला नाही.

झालं होतं ते असं. एकोणसाठ पाण्यात नीट विरघळतच नाही. त्याचे डोळ्यांना न दिसणारे गोळे होतात आणि एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसतं. कात्री अडलेली नव्हतीच. चिखलात रुतली होती. साबणासारखा थेंब पडला, गोळे विरघळले, कात्री मोकळी. कुठलंही एन्झाइम आणा, ते रुतेल. हे औषध नाही. कधीच नव्हतं.

ही चूक या क्षेत्रात जुनी आहे, पुस्तकात तिच्यावर अख्खं प्रकरण आहे. मी ते वाचलंय. अधोरेखितही केलंय!


४ मार्च, शनिवार

मनात आलेल्या वाईट गोष्टी इथे लिहून ठेवते, म्हणजे त्या आल्या नव्हत्या असं पुढे म्हणता येणार नाही.

एक — ते समासातलं वाक्य मी सोडून कुणी वाचत नाही. दोन — चौदा तारखेला कालची प्लेट दाखवायलाच हवी असं नाही. तीन, आणि ही सगळ्यात वाईट — बाबांना कधीच सांगायचं नाही. औषध चालू आहे, चालू आहे, म्हणत राहायचं.

आईने विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, डोकं दुखतंय. तिने डोक्याला तेल लावलं. मी गुन्हेगारासारखं लावून घेतलं.


६ मार्च, सोमवार

बाईंना सांगितलं. दारातच, उभ्या उभ्या, एका दमात. दोन्ही प्लेटचे आकडे टेबलावर ठेवले, वही उघडून समासावर बोट ठेवलं.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं.

"डिसेंबरात लिहून ठेवलंस?"

"हो."

"का?"

काय का? केलं म्हणून लिहिलं. म्हटलं, "वगळलं होतं, म्हणून."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मग गठ्ठा खुर्चीवरून उचलला. म्हणाल्या, "बस. चौदा तारखेला हेच मांड. कसा सापडला, कसा फसवत होता, कसा पकडलास."

"पण मग आपल्याकडे दाखवायला काहीच नाही, बाई."

"आपल्याकडे खरं आहे," बाई म्हणाल्या. "आणि अजून चारशे बाटल्या कपाटात आहेत."

तेवढ्यात आजोबा दारात. स्वेटरच्या बाह्या ओढत. "बाई, वगळ असं मी सांगितलं होतं. तिच्या वहीत माझं नाव नाही, पण मी सांगितलं होतं." आणि माझ्याकडे वळून, चिडूनच — "नाव का नाही लिहिलंस? एवढं सगळं लिहितेस!"

"हात माझा होता," मी म्हटलं.

मग मात्र मला रडू आलं. आजोबांनी खिशातून रुमाल म्हणून जो काढला तो भांडी पुसायचा कागद होता.


८ मार्च

बाबांना सांगितलेलं नाही.

आज त्यांना पीठ मळायच्या यंत्रावरचे काका घरी घेऊन आले. पोतं उचलताना दम लागला, पिठाच्या थप्पीवर बसले ते उठेनात. ओठ निळसर. पंप चार वेळा. घरी येईपर्यंत शिट्टी थांबली होती, पण चेहरा राखेसारखा.

काका दारातच उभे राहिले. चपला काढाव्यात की नाही अशा विचारात. मला हळूच म्हणाले, "ताई, तुमचं ते लवकर करा. हा माणूस ऐकत नाही. म्हणतो, थोडं राहिलंय आता."

माझ्यामुळे. माझ्या त्या एका वाक्यामुळे हा माणूस रोज त्या ढगात जाऊन उभा राहतो.


१२ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी. बाबा रविवारी घरासाठी स्वतःच्या हाताने पाव करतात. कितीही सांगा, बेकरीचा पाव घरी आणत नाहीत. म्हणतात, तो गिऱ्हाइकांचा. ओट्याशी उभे राहून पीठ मळत होते. मी तोंडाला फडकं बांधायला लावलं होतं, ते गळ्यात लोंबत होतं. आई कपडे वाळत घालायला बाहेर.

"बाबा, ते औषध नाहीये."

"कुठलं?"

"एकोणसाठ. मी चुकले. ते काही थांबवत नव्हतं. एन्झाइम नुसतं त्याला चिकटून बसायचं. मी एक थेंब घालायचा सोडला होता, म्हणून मला ते दिसलं नाही."

त्यांचे हात चालूच. गोळा दुमडला, दाबला, फिरवला. "आमच्याकडेही झालंय असं," ते म्हणाले. "यीस्ट मेलेलं होतं. पण त्या दिवशी उकाडा असला, की गोळा नुसत्या गरमीने सैलावला. आम्हाला वाटलं, फुगला! खूश. भट्टीत घातला तर विटा. तीनशे विटा."

"मग काय केलंत?"

"मालकाला सांगितलं. काय करणार, खायला घालणार?"

मी हसले आणि हसता हसता नाक ओढलं. "रडू नको," ते म्हणाले, "मीठ मी मोजून घातलंय."

मग मी अवघड ते बोलले. ते खरं निघालं असतं तरी पंधरा वर्षं लागली असती. तुमच्या उपयोगाला आलं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही डॉक्टरांसमोर 'थांबतो' म्हणालात तेव्हाही माहीत होतं. मी भिंतीकडे बघत बसले.

आता हात थांबले.

बाहेर आई कपडे झटकत होती, त्याचा आवाज.

"मला वाटलं," बाबा म्हणाले, गोळ्याकडे बघत, "मी तपासणीला गेलो तर तुला लागेल. बापालाच भरवसा नाही असं वाटेल तुला."

दोघंही एकमेकांना जपत होतो आणि नळ्या आखडत होत्या.

"आणि दुसरं म्हणजे..." ते थांबले. "त्यांनी पीठ सोड म्हटलं तर मी काय करू, बाळ? बत्तीस वर्षं. या हातांना दुसरं काही येत नाही. मला ना वाचता येतं, ना लिहिता. पिठात मी कुणीतरी आहे."

मी त्यांचे हात धरले. कोपरापर्यंत पीठ. दोघांचेही.

आई आत आली, आम्हाला पाहिलं, म्हणाली, "काय, पाव झाला की नुसतेच लाडात आलाय दोघं?"


१३ मार्च

बाबा स्वतः म्हणाले, "डॉक्टरांची वेळ घे."


१४ मार्च, मंगळवार

मांडलं. आवाज पहिली दोन मिनिटं चिरकत होता. कड्यासारखा आलेख दाखवला, मग थेंबानंतरचा. समासातलं वाक्यसुद्धा फोटो काढून दाखवलं. बाईंनीच सांगितलं होतं.

मग पाहुण्यांतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे असे तीन एकोणसाठ कपाटात आहेत. दोघांची लग्नंही लावून दिली होती आम्ही, पेपर छापून." सगळे हसले. नंतर त्यांनी माझ्याकडून द्रावणाची कृती मागून घेतली, थेंबासकट. उरलेल्या चारशे बाटल्यांबद्दल बाईंशी बोलत बसल्या होत्या. काय ठरलं ते कळलेलं नाही.

आजोबांनी आज स्वेटर काढला होता. म्हणाले, मान राखण्यासाठी.


१६ मार्च

डॉक्टर. आता पेन त्यांच्या हातातच होतं. शिंकांच्या गोळ्या आठवडाभर बंद, नाहीतर तपासणी खोटी येते. पंप मात्र चालूच, आणि आठवडाभर बेकरी नाही. "कामावर ज्याला ज्याला हात लागतो त्याची चिमूट चिमूट घेऊन या. सगळ्याची. तुम्हाला क्षुल्लक वाटेल त्याचीसुद्धा. पिशवीवर काही छापलेलं असेल तर तेही आणा." हाताच्या आतल्या बाजूला थेंब ठेवून टोचतात. अंगाला जे चालत नाही तिथे गांधी उठते.

मी विचारलं, नुसत्या पाण्याचाही एक टोचा असतो ना, तुलनेला? डॉक्टर हसले. "असतो. तुम्ही नसता विचारलं तरी असता."

बाबांनी विचारलं, "पीठच निघालं तर?"

"तर पीठ सोडायचं."

बाबांनी मान हलवली.


१९ मार्च, रविवार

पहिल्यांदाच रविवारी ओटा कोरडा. पिठाचा डबा उघडलाच नाही. आईने विचारलं नाही, भात टाकला.


२१ मार्च

बाबा मालकांना सांगून आले — माणूस बघून ठेवा. पीठ मळायच्या यंत्रावरच्या काकांना गोळा कधी तयार होतो ते दाखवत होते म्हणे, बोटाने दाबून, खोलीच्या दाराबाहेर उभं राहून, कारण आत जायची बंदी. काका म्हणाले, बत्तीस वर्षांत हा माणूस कुणाला काही शिकवत नव्हता, आज एका दुपारी सगळं देऊन टाकलं.

संध्याकाळी ॲप्रन धुतला. इस्त्री केली. ॲप्रनला कुणी इस्त्री करतं का?

आई म्हणाली, "घरी बसला तर मला सळो की पळो करून सोडेल." मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.


२३ मार्च, गुरुवार

काकांनी चिमटी आणून दिल्या. बाबांनी सांगितलं, मी कागदाच्या पुड्यांवर नावं लिहिली. मैदा. गव्हाचं पीठ. यीस्ट. दूध पावडर. तीळ.

"झालं?"

"एक राहिली. पाव मऊ राहावा म्हणून पूड टाकतो थोडी. तिला नाव नाही, आम्ही पूडच म्हणतो. चमचाभर तर असते. नेऊ?"

"सगळ्याची म्हणाले होते ना."

सहावी पुडी. नावाच्या जागी लिहिलं — पूड. उद्या दहा वाजता.


२४ मार्च

हातावर आठ टोचे, पंधरा मिनिटं. पाणी — सपाट. ज्याने गांधी उठायलाच हवी त्या औषधाची — उठली, बरोबर. मैदा सपाट. गव्हाचं पीठ सपाट. यीस्ट, दूध, तीळ — सपाट. सहावी पुडी — बोटाच्या पेराएवढी गांधी, लाल, बघता बघता वाढणारी.

डॉक्टरांनी दुसऱ्या हातावर परत टोचलं. परत तीच.

बाबांनी खिशातून, ती पूड येते त्या पिशवीचा फाडलेला तुकडा काढला. अकरा वर्षं ही पिशवी त्यांच्या हातात आहे. "वाच." तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरांत — बुरशीपासून काढलेलं एन्झाइम.

"रक्तही तपासू," डॉक्टर म्हणाले. "पंप चालू ठेवा, दर महिन्याला येऊन फुंकून दाखवा. ती पूड बेकरीत नको, मालकांना मी लिहून देतो. पीठ चालेल."

बाबांनी बाही खाली केली नाही. "पीठ चालेल?" त्यांनी दोनदा विचारलं. आधी डॉक्टरांना, मग मला.